लष्करात डॉक्टर व्हायचंय, आणि वरच्या रँकपर्यंत जायचंय? मग हे एकदा नीट वाचा

नीटचा रिझल्ट लागला की ओळखीतल्या पालकांचे फोन सुरू होतात आणि प्रश्न एकच, एएफएमसीला, म्हणजे पुण्याच्या लष्करी मेडिकल कॉलेजला, किती मार्क लागतात हो. आत गेल्यावर पुढची तीस-पस्तीस वर्षं पोरगं किंवा पोरगी नेमकं काय करणार, हे विचारणारे फार कमी. त्यामुळे ॲडमिशनचा भाग मी थोडक्यात उरकतोय आणि पुढचं जरा सविस्तर लिहितोय, कारण लोक अडकतात ते तिथेच.

एक गोष्ट आधीच डोक्यात फिट करा. फौज डॉक्टर ठेवते ते मुख्यतः धडधाकट माणूस धडधाकट राहावा म्हणून. सर्जरी, आयसीयू, मोठी हॉस्पिटलं सगळं आहे आणि उत्तम आहे, पण सुरुवातीची वर्षं तुमचा वेळ पाण्याची टाकी, लंगर म्हणजे जवानांचं स्वयंपाकघर, डास, बूट चावलेले पाय, वार्षिक मेडिकल आणि कागद यातच जाणार आहे. हे ज्याला मनापासून पटलं तो वर गेला आणि सुखातही राहिला, ज्याला हे हलकं काम वाटलं तो हुशार असूनही कुढत बसला. अशी दोन्ही प्रकारची माणसं मी भरपूर बघितलीत.

आता आत शिरायचे रस्ते. पहिला पुण्याच्या वानवडीतलं आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज. संस्था १९४८ ची, एमबीबीएसचा कोर्स १९६२ पासून, आणि डिग्री नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. जागा १५०, त्यातल्या ११५ मुलांना, ३० मुलींना आणि ५ मित्रदेशांतल्या विद्यार्थ्यांना. राज्याचा कोटा नाही, त्यामुळे पुण्यातलं कॉलेज आहे म्हणून महाराष्ट्राच्या पोरांना काही सवलत मिळेल हा समज काढून टाका. नीट द्यायची, एमसीसीच्या, म्हणजे मेडिकल काउन्सेलिंग कमिटीच्या, वेबसाइटवर रजिस्टर करून एएफएमसीचा पर्याय निवडायचा, हे दुसरं पाऊल बरेच जण विसरतात आणि मग मार्क असूनही हात चोळत बसतात. शॉर्टलिस्ट झालात की पुण्याला बोलावणं येतं, तिथे इंग्रजी आणि लॉजिक-रीझनिंगची कॉम्प्युटरवरची परीक्षा, मग सायकॉलॉजिकल टेस्ट, इंटरव्ह्यू आणि मेडिकल. लग्न झालेलं चालत नाही आणि शिकत असताना करताही येत नाही. ट्यूशन फी नाही पण बॉण्ड आहे, आणि मधेच सोडलं तर रक्कम लाखांत भरावी लागते, तेव्हा सही करण्याआधी आईवडिलांनी पण तो कागद वाचावा, नुसतं फुकट एमबीबीएस म्हणून उड्या मारू नयेत.

आणखी एक, एएफएमसीतून पास झालेल्या सगळ्यांना पर्मनंट कमिशन मिळत नाही. काहींना पर्मनंट, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकारी म्हणून नेमणूक, काहींना शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे ठरावीक वर्षांची, आणि ते मेरिट आणि चॉइसवर ठरतं. म्हणून पहिल्या वर्षापासून अभ्यास सोडू नका. आर्मी, नेव्ही की एअर फोर्स हे पण याच सुमारास ठरतं, आणि त्यात सुद्धा तुमचा नंबर बोलतो.

दुसरा रस्ता बाहेरच्या कॉलेजातून एमबीबीएस करून शॉर्ट सर्व्हिस कमिशनचा. हा रस्ता आपल्याकडे फार लोकांना माहीतच नसतो. डीजीएएफएमएसची, म्हणजे तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालकांची, जाहिरात येते, वयाची अट साधारण एमबीबीएसला ३० आणि पीजीवाल्यांना ३५, हल्ली एमबीबीएसवाल्यांचं शॉर्टलिस्टिंग नीट पीजीच्या स्कोअरवर होतं, आणि इंटरव्ह्यू दिल्लीला. सुरुवात ५ वर्षांची, मग आधी ५ आणि नंतर ४ अशी वाढवत १४ वर्षांपर्यंत जाता येतं, आणि मधल्या काळात डिपार्टमेंटल पर्मनंट कमिशनसाठी अर्ज करता येतो. इंटर्नशिप झालेली असते त्यामुळे थेट कॅप्टन म्हणून घेतात. ज्याला फौज करून बघायचीय पण आयुष्यभराचं नक्की नाही त्याच्यासाठी हा रस्ता मला जास्त प्रामाणिक वाटतो, बघा पटतंय का. फक्त हिशोब डोळे उघडे ठेवून करा, अधिकाऱ्याला पेन्शन बसायला २० वर्षं लागतात, म्हणजे १४ वर्षांनी बाहेर पडलात तर ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही.

इंटरव्ह्यूबद्दल एवढंच सांगतो की देशसेवेचं पाठ केलेलं भाषण तिथे बसलेल्यांनी सकाळपासून बऱ्याचदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा तुमच्या इंटर्नशिपमधल्या एखाद्या पेशंटबद्दल नीट सांगता आलं, एखादं उत्तर येत नसेल तर येत नाही म्हणता आलं आणि खेळ, ट्रेक, एनसीसी काहीही केलेलं असेल ते खरं खरं सांगता आलं तर काम होतं. थाप मारलीत तर पुढचे प्रश्न त्या थापेवरच येतात. मेडिकलसाठी दात, डोळे, वजन आणि कानातला मळ या चार गोष्टी महिनाभर आधी बघून घ्या, डॉक्टर लोकच याबाबतीत सगळ्यात निष्काळजी असतात.

कमिशन मिळालं की लखनौ. तिथे आर्मी मेडिकल कोअरचं सेंटर आणि कॉलेज आहे, बेसिक कोर्स तिथे होतो. ड्रिल, हत्यार, नकाशा वाचणं, फील्डमधली मेडिकल व्यवस्था, आणि लष्करी लिखापढी. पोरं ड्रिलला घाबरतात आणि लिखापढीच्या तासाला डुलक्या काढतात, खरं तर उलटं हवं. ड्रिल आपोआप अंगवळणी पडतं, लिखापढी मात्र जन्मभर पुरते.

मग येते पहिली पोस्टिंग, आणि बहुतेकांच्या नशिबात आरएमओ, म्हणजे रेजिमेंटल मेडिकल ऑफिसर. साताठशे जवानांची बटालियन, डॉक्टर तुम्ही एकटे, सोबत दोन-चार नर्सिंग असिस्टंट आणि एक आरएपी, म्हणजे युनिटची उपचाराची जागा, जी कधी बरी खोली असते तर कधी बंकर. सगळे डॉक्टर साब म्हणतात. वय पंचवीस-सव्वीस, अनुभव इंटर्नशिपचा, आणि समोर वीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार उभा. इथे जे शिकाल ते कुठल्याही एमडीत शिकवत नाहीत.

पहिल्या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. ओपीडी बघायच्या आधी पाणी कुठून येतं ते बघा. नळापासून उलट चालत टाकीपर्यंत, टाकीपासून विहिरीपर्यंत किंवा नाल्यापर्यंत स्वतः जा, फोटो मागवू नका. आणि हॉरॉक्सची पेटी बाहेर काढा, पाण्यात ब्लीचिंग पावडर किती टाकायची हे तिच्यावरून ठरतं. पीएसएमच्या, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनच्या, प्रॅक्टिकलला सगळ्यांनी केलेली असते आणि सगळे विसरलेले असतात. एक काळा कप, सहा पांढरे कप. काळ्या कपात दोन ग्रॅमचा एक चमचा ब्लीचिंग पावडर घेऊन पाण्यात नीट घोटायची, त्याचं द्रावण पहिल्या पांढऱ्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन असं सहापर्यंत टाकायचं, ढवळून अर्धा तास ठेवायचं, मग प्रत्येकात इंडिकेटरचे तीन थेंब. निळा रंग ज्या कपात पहिल्यांदा येतो तो तुमचा आकडा. तिसरा कप निळा झाला तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम. हे सगळं लंगरच्या कमांडरसमोर, त्याच्याच हाताने करून घ्या. एकदा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी निळा रंग बघितला की पावसाळ्यात रात्री दोनला जुलाबाचे पेशंट रांगेत उभे राहायची शक्यता निम्म्याने कमी होते. नर्सिंग असिस्टंटने रजिस्टरमध्ये रोज एकच आकडा लिहिलेला दिसला तर समजा की टेस्ट कोणी करतच नाहीये.

लंगरला जाताना वेळ सांगून जाऊ नका. नखं, भांडी पुसायचं फडकं, उरलेलं मटण कुठे ठेवतात, आणि स्वयंपाक्याला सर्दी-जुलाब असताना तो सुट्टीवर जातो का भातावर वाढायला उभा असतो, एवढं बघा. चिडचिड करू नका, चहा घ्या, दोन गोष्टी बोला. लंगरच्या माणसाशी दोस्ती असलेला आरएमओ मी कधी साथीत सापडलेला बघितला नाही.

आता सिक रिपोर्ट. सकाळी जवान रांगेत येतात. त्यात खरे आजारी असतात, पीटी चुकवणारे असतात, आणि तिसरे जे असतात ते सगळ्यात महत्त्वाचे, ते म्हणजे दुसऱ्याच कारणाने आलेले. पाठ दुखते म्हणून परत परत येणारा जवान खरं तर घरच्या जमिनीच्या भांडणाने किंवा नाकारलेल्या सुट्टीने आतून खचलेला असू शकतो. त्याला पाठीची गोळी देऊन पाठवलंत तर तुम्ही आजार बघितलाच नाही. दोन मिनिटं जास्त द्या, दार लावून घ्या, गावाकडचं विचारा. पीटी चुकवणारा कोण हे तुम्हाला पंधरा दिवसांत कळतं, त्याला सगळ्यांसमोर झापू नका, कारण तो पुढे कधीतरी खरा आजारी पडणार आहेच आणि तेव्हा तो आला पाहिजे.

याच्या बरोबर उलटा माणूस वार्षिक मेडिकलला भेटतो. फौजेत प्रत्येकाची मेडिकल कॅटेगरी असते, शेप वन म्हणजे सगळं फिट, मन, कान, हातपाय, शरीराची एकूण क्षमता आणि डोळे या पाच गोष्टींवर. कॅटेगरी खाली गेली की प्रमोशन, कोर्स, पोस्टिंग सगळ्यावर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे एरवी डोकेदुखीला पण येणारा माणूस या दिवशी ठणठणीत असतो. एखादा हवालदार येतो, प्रमोशन तोंडावर आलेलं, बीपी १६० च्या वर. तो म्हणतो साब, रात्री झोप झाली नाही, चढण चढून आलोय, जरा कमी लिहा ना. सीओंचाही, म्हणजे बटालियनच्या कमांडिंग ऑफिसरचाही, निरोप येतो की पोरगा चांगला आहे, बघा जरा. तेव्हा काय करायचं? आकडा बदलायचा नाही, हा कानाला खडा. पण त्याला तिथल्या तिथे खाली पण टाकायचं नाही. बसवा, पाच-दहा मिनिटं शांत, योग्य मापाचा कफ, दोन्ही हात. मग काही दिवस वेगवेगळ्या वेळी रीडिंग घ्या, सगळी लिहून ठेवा, आणि तरीही जास्तच असेल तर मिलिटरी हॉस्पिटलला मेडिकल स्पेशलिस्टकडे रेफर करा. गरज पडली तर आधी टेंपररी कॅटेगरी मिळते, १२ किंवा २४ आठवड्यांची, त्यात उपचार करून बरेच जण परत शेप वन होतात. हे सगळं त्याला समजावून सांगा, त्याच्या बायकोला मीठ कमी करायला सांगा. लपवलेलं बीपी घेऊन हा माणूस पंधरा हजार फुटांवर गेला आणि तिथे कोसळला तर चॉपर येईपर्यंत तुमच्या हातात फारसं काही नसतं.

उंचीवरून आठवलं. अति उंचीवर पोस्टिंग लागली तर ॲक्लिमटायझेशनच्या, म्हणजे शरीराला उंचीची सवय लावण्याच्या, बाबतीत कोणाचंही ऐकू नका. नियम साधा आहे, पहिला टप्पा ९००० ते १२००० फुटांवर सहा दिवस, दुसरा १५००० पर्यंत चार दिवस, तिसरा त्याच्या वर चार दिवस. पहिले दोन दिवस विश्रांती, मग हळूहळू चालणं, मग चढणं. विमानाने लेहला उतरलेला तरणाबांड जवान म्हणतो मला काही होत नाही, आणि फुप्फुसात पाणी भरायचा धोका त्यालाच असतो कारण तो पहिल्याच दिवशी व्हॉलीबॉल खेळतो. आणि जुन्या माणसांवर जास्त लक्ष ठेवा. वर वर्षभर राहिलेला जवान महिन्याच्या सुट्टीवर गावी जाऊन परत येतो, त्याला वाटतं आपलं तर झालंय सगळं, पण चार आठवड्यांपेक्षा जास्त खाली राहिला की त्याची घडी परत पहिल्यापासून बसवावी लागते. कोरडा खोकला, बसल्याजागी धाप, ओठ निळसर, एवढं दिसलं की ऑक्सिजन लावा आणि खाली उतरवायच्या तयारीला लागा, सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही.

आता ऑपरेशनची घाई असते, कंपनी दोन दिवस लवकर वर पाठवायचीय असं कोणीतरी म्हणतं. तुम्ही सीओंचे सल्लागार आहात, हुकूम त्यांचा. म्हणून कॉन्फरन्समध्ये सगळ्यांसमोर हट्टाला पेटू नका, त्याआधी त्यांच्या ऑफिसात जा, एकट्याने, आणि ताकाला जाऊन भांडं लपवू नका, सरळ सांगा की सर, असं केलं तर माझ्या अंदाजाने इतके लोक आजारी पडू शकतात, इव्हॅक्युएशनला इतका वेळ लागेल, आणि त्याऐवजी अमुक प्लाटून आधीच ॲक्लिमटाइज्ड आहे ती पाठवता येईल. पर्याय घेऊन गेलेल्या डॉक्टरचं ऐकलं जातं. मग संध्याकाळी तोच सल्ला दोन ओळीत लेखी द्या. टेक्निकल बाबतीत तुमच्यावर डिव्हिजनचे एडीएमएस, म्हणजे तिथल्या वैद्यकीय सेवेचे प्रमुख, असतात, त्यांना पण कळवून ठेवा, पण सीओंच्या पाठीमागे नाही, त्यांना सांगून.

एक विषय राहिला जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, तो म्हणजे इंज्युरी रिपोर्ट. जवानाचं पेन्शन, विशेषतः डिसॅबिलिटी पेन्शन, एका प्रश्नावर ठरतं की ही इजा किंवा आजार नोकरीमुळे झाला किंवा नोकरीमुळे वाढला का. आणि त्याचा पहिला कागद बहुतेक वेळा तुम्ही, नवखा कॅप्टन, घाईत लिहिता. तुम्ही लिहिलं, बाथरूमजवळ घसरून पडला, गुडघा सुजला. खरं काय झालेलं असतं, तर पहाटे चारला गस्तीवरून परत येताना बर्फावर पाय गेला आणि बाथरूम तिथून चार पावलांवर होतं. बारा-पंधरा वर्षांनी त्या गुडघ्यासाठी मेडिकल बोर्ड बसतो, तोपर्यंत ती युनिट, तो प्लाटून कमांडर, कोणीच सापडत नाही, उरतो फक्त तुमचा कागद. म्हणून कधी, कुठे, कोणाच्या हुकमावर, काय करत असताना, कोणी बघितलं, एवढं विचारल्याशिवाय पेन उचलू नका. वाढवून लिहू नका, कमीही लिहू नका. मानसिक आजाराच्या केसमध्ये तर घरगुती कारण हा शब्द सहज म्हणून टाकू नका, त्याच्या आधी तो कुठल्या एरियात किती महिने होता ते लिहा.

आरएमओ असतानाच एसीआर सुरू होतात, म्हणजे वार्षिक गोपनीय अहवाल, आणि वरच्या रँकचा पाया इथेच पडतो. सीओ लिहितात, टेक्निकल बाजूने मेडिकलचे वरिष्ठ लिहितात. चापलूसीने एखादा अहवाल चांगला होतो, सगळे होत नाहीत.

फील्ड झालं की पीजी. एएफएमसी, दिल्लीचं आर्मी हॉस्पिटल रिसर्च अँड रेफरल, कमांड हॉस्पिटलं, मुंबईचं आयएनएचएस अश्विनी, इथे जागा असतात आणि नीट पीजी द्यावीच लागते. आरएमओ असताना अभ्यास होत नाही ही तक्रार खरी आहे पण रोज रात्री दीड-दोन तास जनरेटर चालू असेपर्यंत वाचलेल्यांना सीट मिळालेलीही मी बघितलीय. ब्रँच निवडताना बाहेर काय चालतं त्यावर जाऊ नका. सर्जरी, ॲनेस्थेशिया, मेडिसिन, ऑर्थो यांना फौजेत कायम मागणी. मानसोपचारालाही. कम्युनिटी मेडिसिनला बाहेर नाकं मुरडतात, पण फौजेत ती जुनी मानाची शाखा आहे, स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशन त्यांच्याकडे असते. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची एमडी करणारे वरच्या खुर्च्यांवर बरेच दिसतात. आणि काही गोष्टी बाहेर जवळजवळ मिळतच नाहीत, बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूटमधलं एरोस्पेस मेडिसिन किंवा अश्विनीमधल्या इन्स्टिट्यूट ऑफ नेव्हल मेडिसिनचं मरीन मेडिसिन. ज्याला पायलट आणि पाणबुडीवाल्यांच्या शरीराचं कुतूहल आहे त्याने हे सोडू नये.

पीजीनंतर दोन शिड्या दिसतात. एक तज्ज्ञाची, ग्रेडेड स्पेशलिस्ट, मग क्लासिफाइड, मग सीनियर ॲडव्हायजर, कन्सल्टंट, मधे सुपर स्पेशालिटी. दुसरी कमांड आणि प्रशासनाची, फील्ड हॉस्पिटलची कमांड, मिलिटरी हॉस्पिटलचे कमांडंट, डिव्हिजनचे एडीएमएस, त्याच्या वरच्या कोअर या फॉर्मेशनचे डीडीएमएस, कमांडचे मेजर जनरल मेडिकल. लेफ्टनंट कर्नलपर्यंत काळानुसार बढती, त्याच्या पुढे सिलेक्शन बोर्ड, आणि तिथून जागा भराभर कमी होत जातात. नेव्हीत हेच सर्जन कमांडर, सर्जन कॅप्टन, सर्जन रिअर ॲडमिरल, आणि एअर फोर्समध्ये विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन वगैरे.

इथे स्वतःला एक कडक प्रश्न विचारा. वर गेलात की स्टेथोस्कोप सुटतो. ब्रिगेडियर झालेला उत्तम सर्जन सकाळी ओटीत जायच्या ऐवजी ऑक्सिजन प्लांटच्या टेंडरची फाइल, औषधांचा तुटवडा, ॲम्ब्युलन्सचे टायर आणि कोर्टातली केस बघतो. काहींना हे आवडतं, कारण एका सहीने पाचशे खाटांचं हॉस्पिटल सुधारता येतं. काहींचा जीव गुदमरतो. ज्याला पेशंटच बघायचेत त्याने लाजायचं कारण नाही, सिलेक्शनमध्ये न येता टाइम स्केल, म्हणजे वर्षं भरल्यावर मिळणारे, कर्नल म्हणून वॉर्डात रमलेले आणि ज्यांच्या एका मतासाठी जनरल लोक थांबतात असे डॉक्टर आहेत. पण वर जायचंच असेल तर चाळीशीच्या आधीच फील्ड हॉस्पिटलची जबाबदारी, स्टाफची नोकरी, अकाउंट्स, स्टोअर या नावडत्या गोष्टी अंगावर घ्या. पोस्टिंग आली की पदरी पडलं पवित्र झालं म्हणून सामान बांधा, प्रत्येक पोस्टिंग रद्द करायला धावणाऱ्याचं नाव लवकर पसरतं.

वर गेलेल्यांची करिअर बघितली की एक गोष्ट दिसते, सरळ रेषेत कोणी गेलेलं नाही. पुनीता अरोरा २००४ मध्ये लेफ्टनंट जनरल झालेल्या पहिल्या महिला, त्याच पुढे नेव्हीत सर्जन व्हाइस ॲडमिरल झाल्या. पद्मावती बंदोपाध्याय एव्हिएशन मेडिसिनवाल्या, पहिल्या महिला एअर मार्शल. माधुरी कानिटकर बालरोगतज्ज्ञ, मुलांच्या किडनीच्या आजारांत काम, एएफएमसीच्या डीन, २०२० मध्ये लेफ्टनंट जनरल, आणि २०२१ मध्ये आपल्या नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाच्या कुलगुरू. त्यांचे पती राजीव कानिटकरही लेफ्टनंट जनरल, म्हणजे एका घरात दोन. आणि आरती सरीन, रेडिओडायग्नोसिस पुण्यात, रेडिएशन ऑन्कॉलॉजी मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये, तिन्ही दलांचा गणवेश घातलेला, आणि १ ऑक्टोबर २०२४ ला तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवेच्या महासंचालक, त्या पदावरच्या पहिल्या महिला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये साधना सक्सेना नायर आर्मीच्या मेडिकल सेवेच्या महासंचालक झाल्या. मुलींना फौजेत वर जाता येतं का हा प्रश्न निदान मेडिकलमध्ये तरी आता विचारायची गरज नाही.

आणि ज्यांना वाटतं की मेडिकल म्हणजे मागच्या रांगेतलं काम, त्यांनी ६० पॅरा फील्ड ॲम्ब्युलन्सबद्दल शोधून वाचा. कोरियाच्या युद्धात लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली हे डॉक्टर गेले, १९५१ च्या मार्चमध्ये अमेरिकन पॅराट्रूपर्सबरोबर त्यातल्या काहींनी विमानातून उड्या मारल्या, रंगराज यांना महावीर चक्र मिळालं. तीच युनिट २०२३ च्या भूकंपानंतर तुर्कस्तानात इस्केंदरुनला हॉस्पिटल उभारून बसली होती.

पैशाचं पटकन सांगतो. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कॅप्टनचं बेसिक ६१,३०० पासून, मेजर ६९,४००, लेफ्टनंट कर्नल १,२१,२००, कर्नल १,३०,६००. त्यावर ब्रिगेडियरपर्यंत महिना १५,५०० मिलिटरी सर्व्हिस पे, डॉक्टर म्हणून बेसिकच्या २० टक्के एनपीए म्हणजे प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता, महागाई भत्ता आणि एरियाप्रमाणे बाकीचे भत्ते. एनपीए घेता म्हणजे खासगी प्रॅक्टिस बंद, संध्याकाळी मित्राच्या क्लिनिकला मदत वगैरे काही करायचं नाही. बाहेरच्या यशस्वी सर्जनशी तुलना केलीत तर दुःखी व्हाल. क्लिनिक थाटायचं कर्ज नाही, कट प्रॅक्टिस नाही, पेशंटला टेस्ट परवडेल का हा विचार नाही, हे ज्याला मोलाचं वाटतं त्यानेच यावं. इन्फंट्रीतल्या कर्नलपेक्षा मेडिकलवाल्याची नोकरी जास्त वर्षं चालते, हाही एक फायदा.

घराचं मात्र लग्नाआधीच बोलून घ्या. दोन-तीन वर्षांनी बदली, मधे मधे फील्ड, तिथे कुटुंब नेता येत नाही. पोरांच्या दहावी-बारावीच्या आसपास ओढाताण होते, बायको किंवा नवरा बाहेर नोकरीत असेल तर जास्तच. दोघंही मेडिकल कोअरमध्ये असतील तर एका स्टेशनवर ठेवायचा प्रयत्न होतो, पण फील्डच्या वेळी नेहमीच जमतं असं नाही.

शेवटी कागदपत्रं, कारण बाहेर पडताना रडतात ते यावरूनच. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं, त्यासाठी सीएमईचे, म्हणजे डॉक्टरांच्या पुढच्या शिक्षणाच्या कार्यक्रमांचे, क्रेडिट पॉइंट लागतात, ते आसाममध्ये पोस्टिंग आहे म्हणून माफ होत नाहीत, त्यामुळे सर्टिफिकेटं पहिल्या दिवसापासून एका फाइलमध्ये. केलेल्या ऑपरेशन्सचं किंवा प्रोसिजर्सचं लॉगबुक स्वतःजवळ ठेवा, सही-शिक्क्यासह, नंतर खासगी हॉस्पिटल किंवा मेडिकल कॉलेज अनुभव मागतं तेव्हा जुन्या युनिटला पत्र लिहून काही मिळत नाही. लग्न झालं, मूल झालं की पार्ट टू ऑर्डर, म्हणजे त्याची फौजेच्या रेकॉर्डमधली अधिकृत नोंद, निघाली का आणि त्यात बायकोच्या नावाचं स्पेलिंग आधारवर आहे तसंच आहे का, ते त्याच महिन्यात तपासा, कारण फॅमिली पेन्शनच्या वेळी एका अक्षरावरून कागद परत येतो आणि तेव्हा धावपळ करायला बहुतेक वेळा तुम्ही नसता.